आडवे तंतू

एकदा एक बाई खांद्यावरच्या पिशवीत मोडका पाय घेऊन एका नामांकित प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पाय कृत्रिम होता. अडीच महिन्यांपूर्वी याच प्रयोगशाळेच्या लोकांनी तो तिला समारंभपूर्वक बसवला होता. आता तिच्या डाव्या बगलेत कुबडी होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि प्लॅस्टरच्या वर, दंडावर, भाजल्याचे लालभडक चट्टे दिसत होते.

रखवालदाराने विचारले, "वेळ घेतलीय का?"

"पडताना वेळ घेऊन पडले नव्हते मी," बाई म्हणाली आणि कुबडी पुढे टाकत सरळ आत शिरली.

तिचे नाव शेवंताबाई मोहिते. ती एका प्रसूतिगृहात आया होती. नऊ वर्षांपूर्वी अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्यानंतर एका जडशीळ पायावर तिने रात्रपाळ्या, दिवसपाळ्या, सगळे केले. नवा पाय हलका होता. तो घालून पहिल्यांदा जिना चढली तेव्हा तिला रडू फुटले, आणि त्या रडण्याचा फोटो पाय बनवणाऱ्या कारखानदाराने तिला न विचारता आपल्या माहितीपत्रकावर छापला.

हा पाय याच प्रयोगशाळेतल्या यामिनी खरात हिच्या संशोधनातून जन्मला होता. केसाहूनही बारीक तंतू यंत्राने एकाशेजारी एक छापत जायचे, त्यांच्या थरांत चिकट रेझिन भरायचे आणि ते सुकून घट्ट होऊ द्यायचे, अशा संमिश्र पदार्थावर ती सहा वर्षे काम करीत होती. तंतू भार सोसतात, रेझिन तंतूंना धरून ठेवते. तिच्या मूळ आराखड्यात तंतूंचे थर उभे, आडवे आणि तिरपे असे एकमेकांना छेदून जात. रेझिन भरण्यापूर्वी तंतू एका रसायनात बुडवून काढले जात, म्हणजे रेझिन त्यांना घट्ट धरी. असा एक पाय व्हायला एकोणीस तास लागत.

मुरलीधर कोठावळे नावाच्या उद्योजकाने हे पाय तयार करण्याचे काम अंगावर घेतले आणि वडिलांच्या स्मरणार्थ दोनशे गरजूंना ते मोफत वाटण्याचे जाहीरही करून टाकले. मग त्याच्या लक्षात आले की दिवस थोडे आहेत. तो यामिनीला म्हणाला, "मॅडम, सगळे तंतू उभेच छापा ना. आणि ते रसायनात बुडवायचं राहू द्या. पाच तासांत पाय तयार होतोय."

यामिनीने तशी एक पट्टी बनवली आणि ताण मोजणाऱ्या यंत्रात दोन्ही टोकांनी ओढून पाहिली. आकडा घटण्याऐवजी वाढला! सगळे तंतू एका दिशेने लावले आणि त्याच दिशेने ओढले तर तो वाढणारच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजते, आणि यामिनीला तर ते पाठ होते. पण मोठा आकडा डोळ्यांसमोर चमकू लागला की पाठ असलेली गोष्टही मनुष्य सोयीने विसरतो. तिने अहवाल लिहिला.

तिच्या गुरूंचे नाव सदानंद बेडेकर. वय चौऱ्याहत्तर. सारी संस्था त्यांना आचार्य म्हणे. वस्तू कशा मोडतात, या एकाच प्रश्नाच्या मागे त्यांनी आयुष्य घातले होते. अहवाल आला त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. यामिनी त्यांच्या घरी गेली. "ताकद किती?" त्यांनी विचारले. "आधीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त, सर," ती म्हणाली. ते प्रसन्न हसले, आणि तिने बोट ठेवले त्या जागी त्यांनी सही केली.

पहिले दहा पाय वाटले गेले. त्यांतला एक आता शेवंताबाईंच्या पिशवीत होता.

तिने तो यामिनीच्या टेबलावर, कागदांच्या गठ्ठ्यावर, धाडकन ठेवला. टाचेच्या वरपासून चवड्यापर्यंत तो उभा चिरला होता.

"ओळखला का?"

यामिनी उभी राहिली. "शेवंताबाई! अहो, हे कसं झालं?"

"जिन्याच्या वळणावर झालं. गरम पाण्याचं पातेलं घेऊन वर निघाले होते. पाय टेकवून वळले आणि खाली कट्‌कन आवाज आला. पाणी सगळं अंगावर. माझ्या मागून एक बाळंतीण येत होती, सात दिवसांचं लेकरू घेऊन. चार पायऱ्या मागं होती म्हणून..."

त्यावर यामिनीच्या तोंडून जे वाक्य निघाले, त्याची लाज तिला पुढे जन्मभर वाटणार होती. ती म्हणाली, "पण हा पाय चाचणीत पास झालाय हो. याच्या पट्टीला तीन माणसं लटकली तरी तुटत नाही. तुम्ही जास्त वजन तर उचललं नव्हतं ना?"

शेवंताबाईंचा चेहरा असा झाला की शेजारच्या टेबलावरचे दोघे काम सोडून उठले.

"कोठावळे शेठचा माणूसही हेच म्हणाला. दवाखान्यात आला होता, सफरचंदं घेऊन. म्हणे, इथं अंगठा द्या, पाय चुकीचा वापरला असं लिहिलंय. मला सही करता येते, मॅडम! अंगठा कशाला मागतो? मी त्याला विचारलं, बरोबर वापरायचा म्हणजे कसा रे बाबा? वळायचं नाही का? सरळच चालत राहू? आणि भिंत आली की काय करू?"

आतल्या खोलीचे दार उघडून आचार्य बाहेर आले. त्यांनी सगळे ऐकले होते. त्यांनी तो पाय उचलला, खिडकीपाशी नेला आणि चिरेत बराच वेळ पाहिले.

"यामिनी, आडवे थर कुठे आहेत?"

"नाहीत, सर."

"तिरपे?"

"तेही नाहीत."

"तंतू रसायनातून काढले होते?"

"सर, वेळ नव्हता. आणि आकडा तर वाढला होता..."

"आकड्याला पाय बसवला होतास का तू?" आचार्य इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा रखवालदार आत धावत आला. "हा पाय माणसाला बसवला आहेस! माणसाला!"

मग त्यांनी जे केले ते कुणालाच उमजले नाही. त्यांनी यामिनीची ती विक्रमी पट्टी मागवली. वर्कशॉपमध्ये लोखंडी तुळईला तिचे एक टोक अडकवले, दुसऱ्या टोकाला दांडी लावली आणि तिथल्या तीन धडधाकट कामगारांना दांडीला लोंबकळायला लावले. पट्टी तसूभरही हलली नाही. "उतरा," ते म्हणाले. पट्टी सोडवून त्यांनी तिचे एक टोक शिकंज्यात आवळले, दुसऱ्याला पाना लावला आणि शेवंताबाईंपुढे एक स्टूल सरकवले.

"बाई, बसा. आणि ही पट्टी तुम्ही मोडा."

तिघे कामगार एकमेकांकडे पाहू लागले. यामिनी पुढे झाली. "सर, त्यांचा हात मोडलाय!"

"डावा शाबूत आहे."

"माझी थट्टा करता काय?" शेवंताबाई भडकली. "तीन गड्यांना जे जमलं नाही ते मी करू, एका हातानं?"

"थट्टा नाही करत, बाई. ओढू नका. तुम्ही जिन्यावर वळलात ना, तसा तो पाना नुसता वळवा."

तिने रागानेच पान्याला हात घातला आणि पिळला. दुसऱ्या हिसड्याला पट्टी कडकन उभी चिरली. चिरेतून तंतूंचा झुबका बाहेर डोकावला. आचार्यांनी तो नखांच्या चिमटीत धरून ओढला. परकराच्या नेफ्यातून नाडी निसटावी तसा तो अलगद हातात आला. त्याला रेझिनचा कणसुद्धा चिकटलेला नव्हता.

ते यामिनीकडे वळले. आवाज उतरला होता, पण राग उतरला नव्हता.

"तू ही पट्टी ओढून पाहिलीस. ओढलं की उभे तंतू सगळा भार घेतात. आडव्यांची गरज भासत नाही आणि रेझिनची परीक्षा होत नाही. पण पायावर उभं राहणारा मनुष्य वळतो, घसरतो, कुणाला वाट द्यायला अंग चोरतो. तेव्हा भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे जावा लागतो. तो नेतं कोण? तंतू आणि रेझिन यांच्यामधली पकड. ती डोळ्याला दिसत नाही, म्हणून घाई झाली की पहिली तीच वगळली जाते. बळ कुठल्या दिशेने मोजायचं हे मोजणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचं नसतं. त्या वस्तूवर ज्याचा जीव अवलंबून आहे, त्याचं चालणं ते ठरवतं. हे मी तुला सहा वर्षं शिकवलं, आणि स्वतः काय केलं? सही केली. डोळ्यावर पट्टी होती अशी सबब मला सांगता येईल. पण कान उघडे होते. ताकद किती हे विचारलं, कोणत्या दिशेने हे विचारलं नाही."

मग ते शेवंताबाईंकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, तुम्हाला जिन्यावरून आम्ही दोघांनी पाडलं."

शेवंताबाईंनी हात जोडले नाहीत. "असे पाय आणखी किती जणांकडं आहेत?"

"नऊ," यामिनी कसेबसे म्हणाली. "आणि परवा रविवारी एकशे नव्वद वाटायचे आहेत."

"मग इथं काय उभ्या राहिलात?"

त्या संध्याकाळी यामिनीने नऊ जणांना फोन केले. पाय काढून ठेवा, वापरू नका, माझी चूक झाली आहे, हे ती नऊ वेळा बोलली. एकाने शिव्या दिल्या. एक जण विटा वाहणारा होता, त्याने शांतपणे विचारले, "मग उद्या कामाला कसा जाऊ?" शिव्या तिला त्यापुढे सोप्या वाटल्या.

शनिवारी गुरू आणि शिष्या कोठावळेच्या कारखान्यात गेले. त्याने चहा मागवला, सारे ऐकून घेतले आणि चहा संपल्यावर म्हणाला, "सर, अहवाल तुमचा, आकडा तुमचा, सही तुमची. मी फक्त बनवले. मंडप उभा आहे. तीन तालुक्यांतून लोक निघालेत. आता मागं फिरता येत नाही."

"तुम्ही सांगितलंत म्हणून मी थर बदलले," यामिनी म्हणाली.

"मी विचारलं होतं, मॅडम. तुम्ही हो म्हणालात." हे खरे होते, आणि म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोठावळे पुढे म्हणाला, "आणि मी फुकट देतोय. फुकटच्या वस्तूत एवढी चिकित्सा कशाला?"

आचार्य उठून उभे राहिले. "फुकटच्या पायावरून पडलं की हाड कमी मोडतं का, कोठावळे?"

"वाटप होणार," कोठावळे म्हणाला आणि त्याने दार उघडून धरले.

रविवारी सकाळी मंडप भरला. कुबड्या, जुने पाय, चाकांच्या खुर्च्या, बरोबरचे नातेवाईक, डबे. व्यासपीठावर एकशे नव्वद पाय रांगेने मांडले होते आणि प्रत्येकाला लाल फीत बांधली होती. निवेदकाने ताकदीचा आकडा वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबण्याआधीच यामिनी पायऱ्या चढून वर गेली आणि तिने निवेदकाच्या हातातून माइक घेतला. तिने काहीही ठरवून आणले नव्हते.

"हे पाय घेऊ नका," ती म्हणाली. "हे मीच शोधून काढलेत, म्हणून सांगते. सरळ चाललात तर टिकतील. वळलात तर मोडतील. एक बाई पडली आहे. मला हे आधी कळायला हवं होतं. कळत होतं, पण मी तिकडे पाहिलं नाही."

रांगेतला एक पाय उचलून तिने व्यासपीठाच्या लोखंडी कठड्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी पिळला. आवाज माइकमधून साऱ्या मंडपात गेला.

मग राग उसळला, आणि तो तिच्यावर उसळला. "आमच्यावर प्रयोग करण्याआधी मोडून बघता आलं नाही?" एक बाई किंचाळली. "चार तास एसटीत बसून आलो आम्ही!" कुणीतरी चप्पल भिरकावली, ती यामिनीच्या खांद्याला लागली. पुढच्या रांगेतला सावळाराम कदम नावाचा म्हातारा कुबडी टेकत थेट वर आला. "पाच वर्षं झाली मला धड उभं राहून. सहा महिने टिकला तरी बास आहे. मोडला तर माझा मी पडेन," असे म्हणून त्याने रांगेतला एक पाय काखेत मारला आणि तो चालू लागला. त्याला अडवायचे धैर्य कुणाला झाले नाही. कोठावळेच्या माणसाने माइकची तार उपटली. थोड्या वेळाने कोठावळेची गाडी मंडपामागून निघून गेली. उरलेल्या पायांना हात लावायला त्याच्या लोकांपैकी कुणीच पुढे आले नाही.

यामिनी तिथेच उभी होती. खाली आरडाओरडा चालू होता. आचार्य खालच्या खुर्चीवरून उठले, कठडा धरत एकेक पायरी चढले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"सर, यांना काय सांगू मी?" तिने रडवेल्या आवाजात विचारले.

"काही सांगू नकोस. त्यांचा राग खरा आहे. तो बोलून होईपर्यंत इथून हलायचं नाही."

त्या दोघांनी तसेच केले. दुपारपर्यंत लोक बोलत राहिले. मग यामिनीने एक वही घेतली आणि मंडपातल्या टेबलाशी बसून एकेकाचे नाव, गाव, काम, घरात जिने किती, रस्ता कसा, हे लिहून घेतले. पुष्कळांनी नाव सांगता सांगता तिला बोल लावले. तिने मान खाली घालून लिहिले. सावळाराम कदमांच्या गावी ती नंतर तीन वेळा गेली. पहिल्या दोन खेपांना त्यांनी दार लावून घेतले. तिसऱ्या वेळी पाय दारातून बाहेर फेकला.

पुढे जे झाले ते लवकर आणि सुखाने झाले नाही. कोठावळेने संस्थेवर दावा लावला. तो अजून चालू आहे. यामिनीची बढती रोखली गेली. आचार्यांनी संस्थेच्या दर्शनी फलकावर स्वतःच्या हाताने लिहिले की अमुक तारखेच्या अहवालावरची आपली सही चुकीची होती. संचालकांनी तो कागद दोनदा काढला, त्यांनी तो तिसऱ्यांदा लावला. एकोणीस तासांचा एक, या हिशेबाने दोनशे पाय पुरे व्हायला अकरा महिने लागले. थर पुन्हा उभे, आडवे, तिरपे झाले. तंतू रसायनातून निघू लागले. प्रत्येक नमुना ओढून, वाकवून, पिळून, पाण्यात भिजवून आणि हजारो वेळा एकाच जागी दाबून पाहिला गेला. नव्या अहवालातला ताणाचा आकडा जुन्याहून बराच लहान होता. कुठल्याही वर्तमानपत्राने तो छापला नाही.

नव्या पायांतला पहिला शेवंताबाईंना बसवला. महिनाभर वापरून झाल्यावर ती तपासणीसाठी आली. यामिनीने खाली बसून पाय सोडवला, उजेडात धरला, भिंगाखाली दोन्ही बाजू पाहिल्या, पिळून पाहिला आणि परत बसवला. पट्टे आवळताना तिने विचारले, "कसा आहे?"

"पाय चांगला आहे," शेवंताबाई म्हणाली. "माझा राग मात्र गेलेला नाही."

पूर्वीची यामिनी यावर काहीतरी समजावत बसली असती. आता तिने शेवटचा पट्टा नीट बसला की नाही ते पाहिले आणि म्हणाली, "नसणारच. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी या. मी स्वतः तपासत जाईन."

शेवंताबाई उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि दाराकडे चालता चालता म्हणाली, "येईन. आणि काय काय तपासलं, ते दर वेळी विचारीन."

"विचारा," यामिनी म्हणाली.